भिंतीआड गेलेले टाक

वर्ष-सव्वा वर्ष मी रोज एक खोटं बोलत होते, आणि तेही देवाच्या नावानं. गावाकडून सासूबाईंचा फोन यायचा. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. तब्येत, पाऊसपाणी, नांदेडला दिलेल्या माझ्या लेकीची खुशाली, असं सगळं बोलून झालं की शेवटी त्या हमखास विचारायच्या, "देवाला दिवा लावलास का गं?" आणि मी म्हणायची, "लावला की, आत्याबाई." दिवा लावलेला नसायचा. लावणार कुठे? देवच माझ्याजवळ नव्हता. तो कुठे आहे हे मला ठाऊक होतं, अगदी बोटानं दाखवता आलं असतं, पण तिथे माझा हात पोचत नव्हता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आज लिहितेय ते त्या खोट्याचं काय झालं ते सांगण्यासाठी.

मी नववीपर्यंत शिकलेली बाई. वीसेक वर्षं बिल्डिंगच्या कामावर बिगारी म्हणून घमेली उचलली. आमचे मिस्टर गिलाव्याचे मिस्त्री. आम्ही हिंगोलीकडचे. गावात मातीचं घर होतं. एका वर्षी त्याची मागची भिंत बसली, मग हळूहळू सगळंच बसलं, आणि आत्याबाई लेकीकडे राहायला गेल्या. पण आमच्याकडे कुळाचा देव लेकीच्या घरी ठेवत नाहीत, तो लेकाच्याच घरी जातो. म्हणून निघताना त्यांनी आमचे टाक माझ्या ओटीत घातले. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले देव, अंगठ्याच्या पेराएवढे. आमचे तीन होते. एक माहूरची रेणुका, एक खंडोबा, आणि तिसरा इतका झिजलेला की त्याला नाकडोळे उरले नव्हते. तो कुणाचा ते आत्याबाईंनाही सांगता यायचं नाही. "कुणी का असंना, आपलाच हाये," म्हणायच्या. पितळेच्या डबीत लाल कापडात गुंडाळून देताना त्या एवढंच म्हणाल्या, "जिथं टाक, तिथं घर. ध्यानात ठेव."

आता लेबर कॅम्पमध्ये घर म्हणजे काय, ते ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगायला हवं. मुलुंडला डोंगराच्या बाजूला एक मोठं काम चाललं होतं, त्याच्याच मागे आमच्या खोल्यांच्या रांगा होत्या. चारी बाजूंनी पत्रा, वरही पत्रा, दारावर रंगानं नंबर. शेजारच्या खोलीत कुणी कूस बदलली तरी आपल्या पत्र्याला कळायचं. डावीकडे बिहारचं कुटुंब, उजवीकडे ओरिसाची चार माणसं, आणि खोकला सगळ्यांचा एकाच भाषेतला. सकाळी नळाला पाणी आलं की रंगाचे रिकामे डबे घेऊन रांग लागायची आणि रांगेत भांडणं लागायची. मीही काही कमी नव्हते. खाट म्हणजे ब्लॉकवर टाकलेली फळी. कपडे वाळत घालायला सळया. देवासाठी मी प्लायचा एक तुकडा बाइंडिंग वायरनं पत्र्याला टांगला होता. वारा आला की देव पाळण्यात बसल्यासारखे हलायचे. मी म्हणायची, बसा झोके घेत, तुमचं बरं आहे. पण संध्याकाळी दिवा लावला की त्या खोलीला घरपण यायचं, हे खोटं नाही. दुपारी भट्टीसारख्या तापणाऱ्या त्या पत्र्याकडे मग रागानं बघवत नसे.

आमचं बांधकाम अकराव्या मजल्याच्या गिलाव्यावर आलं तेव्हा मुकादमानं फर्मान काढलं की कॅम्पची जागा रिकामी करायची, तिथे पुढच्या इमारतीचा पाया घ्यायचाय. दोन दिवसांत खोल्या सुटल्या. पत्रे एका बाजूला, माणसं एका बाजूला, भांडीकुंडी उघड्यावर. ज्याला जायचं तो दुसऱ्याच्या अंथरुणावर पाय देऊन चालला होता. त्या पसाऱ्यात मला डबी ठेवायची नव्हती. मी ती पदरात बांधून कामावर नेली. अकराव्या मजल्यावर एका हॉलच्या आतल्या भिंतीला जमिनीपासून हातभर उंचीवर एक खाच होती. वायरमननं बोर्डासाठी चुकीच्या जागी पाडलेली, नंतर बुजवायची म्हणून तशीच सोडलेली. आम्ही बायका कामावर अशाच खाचांत आमच्या वस्तू ठेवतो. सिमेंटचा हात लागू नये म्हणून बांगड्या, डबा, तंबाखूची पुडी, काय वाटेल ते. मी डबी खोल आत सारली आणि कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून पुढे ब्लॉकचा एक तुकडा घट्ट बसवला. माझ्या मनात होतं की संध्याकाळी काढून न्यायची. पण संध्याकाळपर्यंत नव्या जागी खोल्या उभ्या राहिल्या नव्हत्या. म्हटलं, राहू दे, खालच्या धुळीपेक्षा देव वरच बरे. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी मला थंडी वाजून ताप भरला.

मलेरिया होता. मला महापालिकेच्या दवाखान्यात ठेवलं. दहा-बारा दिवस मला दिवस-रात्रीचा पत्ता नव्हता. मिस्टर येऊन जायचे. एकदा त्यांनी विचारलं, "देव कुठं ठेवलेस?" मी तापात म्हणाले, "पेटीत." मला असं का वाटलं कुणास ठाऊक, पण मी म्हणाले. परत आल्यावर अंगात चालायचा जीव नव्हता, तरी चौथ्या दिवशी मी अकराव्या मजल्यावर गेले. भिंत पूर्ण झाली होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, गुळगुळीत. मिस्टर शेजारी उभे होते. म्हणाले, "हात फिरवून बघ. इंजिनियर साहेब म्हणाले, मजल्यावरची सगळ्यात चांगली भिंत." त्यांनी खाचेत बसवलेला तुकडा बघितला होता. आधीच कुणीतरी खाच बुजवलीय असं समजून वर जाळी मारली आणि सिमेंटचा माल चढवला. दुसरा कुणी मिस्त्री असता तर त्यानं तो तुकडा उपटून पुन्हा बसवला असता की नाही, माहीत नाही. मी हात फिरवला. भिंत थंड होती. "चांगली झालीय," म्हणाले.

तेव्हाच का सांगितलं नाही, असं कुणीही विचारेल. मीही स्वतःला शंभरदा विचारलं. खरं उत्तर एकच, भीती वाटली. केलेला गिलावा फोडला तर मुकादम मिस्टरांना कामावरून काढेल, ही एक भीती. चूक माझी आणि नाव त्यांच्या हाताचं खराब होईल, ही दुसरी. पण सगळ्यात मोठी भीती अशी की स्वतःच्या कुळाचा देव आपणच आपल्या थापीनं भिंतीत गाडला, हे त्या माणसाला कसं सांगायचं? मग एका खोट्याला दुसरं लागलं. देव पेटीत आहेत, इथल्या धुरात बाहेर ठेवत नाही, असं मी घरात सांगितलं. घरातला देव कुठे असतो हे पुरुषाला नैवेद्याच्या दिवशीच आठवतं, त्यामुळे निभावून गेलं. दसऱ्याला टाक उजळायचे असतात, तेव्हा मी अडचण आलीय असं सांगून कोपऱ्यात बसले. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हे असलं खोटं! बसल्या जागी मला माझीच लाज वाटत होती.

काम चालू होतं तोवर मला रोज त्या भिंतीपुढे जाता यायचं. पाणी मारायच्या निमित्तानं मी जायची आणि त्या जागेवर जरा जास्त पाणी मारायची, अंघोळ घातल्यासारखी. बोलायचीही. "बाहेर यायचा काही मार्ग असेल तर बघ," असं सांगायची. मग पुट्टी झाली, रंग झाला. एके दिवशी त्या घराला दार बसलं, दाराला कुलूप लागलं, आणि ज्या घराचा ब्लॉकन् ब्लॉक माझ्या डोक्यावरून गेला होता त्या घरात जायची मला बंदी झाली. हे सगळ्याच घरांचं होतं, त्यात नवल काही नाही. आम्हाला त्याची सवय असते. दार बसलं की आपण तिथले राहत नाही. पण या वेळी मी माझं काही आत ठेवून आले होते. थोड्याच दिवसांत आमची टोळी घाटकोपरच्या कामावर गेली. तिथे नवी खोली, नवा नंबर. मी प्लायचा तुकडा टांगला नाही.

मंगळवार देवीचा. दर मंगळवारी काम सुटल्यावर मी एलबीएस रोडवरून बस पकडून मुलुंडला जायची. घरी सांगायची की मोठ्या बाजारात जाते, तिथे भाजी ताजी मिळते. इमारतीसमोरच्या फुटपाथवर उभी राहून खालून मजले मोजायची. एक, दोन, तीन, असे अकरा, आणि मग डावीकडून दुसरी खिडकी. आधी खिडकी उघडीबोडकी होती. मग तिला पडदे आले. मग एक कुंडी आली. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण आता तिथे माणसं होती आणि ती माणसं माझ्या देवाबरोबर राहत होती, मला विचारल्याशिवाय. मी हात जोडायची आणि परत यायची. कधीकधी भांडायची सुद्धा. "तुला जायचंच होतं तर सांगून जायचंस. मी काय कमी केलं होतं? होतं ते सगळं तुला दिलं, पत्रा तर पत्रा." तापात देवीनं मला वाचवलं असं मिस्टर म्हणायचे. मला वाटायचं, वाचवलं खरं, पण जवळ ठेवून नाही घेतलं. श्रद्धा गेली होती असं म्हणणार नाही. पण ज्याच्यावर श्रद्धा ठेवायची तोच भिंतीपलीकडे आहे आणि मधे माझ्याच नवऱ्यानं केलेला गिलावा आहे, अशा माणसाचं मन कसं असेल, ते असं होतं. जेवताना, झोपताना, घमेलं उचलताना, सारखी ती डबी डोळ्यांपुढे यायची.

अशात आत्याबाईंचा फोन आला. त्यांचा एक डोळा आधीच गेला होता, दुसऱ्यावर मोतीबिंदू पिकला होता. नणंदेचा जावई म्हणाला, मुंबईत ऑपरेशन चांगलं होईल. पुढच्या आठवड्यात त्या आमच्याकडे येणार होत्या. "काही नाही गं, अंधूक दिसतंय, मान्सं सावलीवानी दिसत्यात," असं सांगता सांगता त्या एकदम हसल्या. "पर म्या ठरवलंय. पट्टी सुटली की पहिलं माज्या मायला बघणार. मंग दुनिया. तू टाक उजळून ठिव." मी "बरं" म्हणाले. फोन ठेवला आणि पाण्याच्या रांगेत माझा नंबर गेला तरी मला कळलं नाही. म्हातारीला डोळा परत मिळणार होता आणि त्या डोळ्याला दाखवायला माझ्याकडे रिकामी पेटी होती.

त्या मंगळवारी मी फुटपाथवर उभी राहिले आणि हात जोडताजोडता मला रडू फुटलं. रस्त्यावर रडायची मला सवय नाही. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "काय गो, रडतंस कित्याक?" वळून बघितलं तर एक साठी उलटलेली बाई, गाउनवर ओढणी, हातात भाजीची पिशवी. मी म्हणाले काही नाही. ती हलेना. "दर मंगळवारी तू हंय उभी रवतंस. माझ्या खिडकीतून दिसतंस. आधी माका वाटला, देवळाक हात जोडतंस. पण देऊळ तुझ्या पाठीमागं असा आणि तू देवळाक पाठ करून बिल्डिंगीक नमस्कार करतंस. म्हणून आज भाजीच्या निमतान खाली इलंय." मी मागे बघितलं. खरंच, रस्त्यापलीकडे गणपतीचं देऊळ होतं. इतके मंगळवार मी त्याच्याकडे पाठ करून उभी होते, मला दिसलंच नव्हतं. मी विचारलं, "तुमची खिडकी कोणती?" तिनं बोट वर केलं. अकरावा मजला, डावीकडून दुसरी.

मग मला थांबवताच आलं नाही. नवऱ्याला नाही, सासूला नाही, लेकीला नाही, आणि त्या परक्या बाईला मी सगळं सांगितलं. खाच, डबी, ताप, गिलावा, फोनवरचं खोटं, येणारी म्हातारी. ती हसली नाही. मला वेडीही म्हणाली नाही. मला वाटलं होतं की ती घाबरेल, आपल्या भिंतीत कुणाचं काही पुरलेलं आहे म्हटल्यावर कोण घाबरणार नाही? तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "चल वर." गेटवर वॉचमननं मला अडवलं, तर त्याला म्हणाली, "माझ्याकडची असा." त्यांना मी पुढे काकी म्हणू लागले. मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, गिरणी गेली, मग नवराही गेला. चाळीतली खोली विकून मुलानं हे घर घेतलं होतं. चाळीत दार लोटलेलं नसायचं आणि इथे दाराला तीन कुलपं, कुणी येत नाही, जात नाही, असं त्या लिफ्टमध्ये सांगत होत्या. मी ऐकत होते आणि नव्हतेही.

घरात पाऊल टाकलं आणि मी ती भिंत शोधली. शोधायची गरजच नव्हती. भिंतीपुढे, जमिनीवर, एक लाकडी पाट मांडलेला होता आणि पाटावर निरांजन होतं. बरोबर त्या जागेसमोर. वरच्या पांढऱ्या रंगावर काजळीचा पुसट डाग पडला होता. हॉलच्या दुसऱ्या टोकाला काचेचं देवघर होतं, दिवे बसवलेलं, त्यात सगळे देव होते. मी विचारलं, "मग हा दिवा इथे कशाला?" काकी म्हणाल्या, "देवघर पोरानं केलेला. पण थंय दिवो रवणा नाय, वाऱ्यान विझता. अकराव्या माळ्यार काय वारो म्हणतंस! सगळीकडे लावून बघलंय. हयसरच रवता. म्हणून देव थंय आणि दिवो हंय." मी विचारलं, "रोज?" त्या म्हणाल्या, "रोज. ऱ्हावाक इलंव त्या दिवसापासून. एक दिवस चुकाक नाय."

मी खालीच बसले. मी तिकडे पत्र्याच्या खोलीत उभी राहून म्हणत होते, लावला की आत्याबाई, आणि त्याच वेळी इथे अकराव्या मजल्यावर एक अनोळखी बाई वाऱ्यापासून ज्योत वाचवायला माझ्या देवासमोर दिवा ठेवत होती. मी रोज खोटं बोलत होते आणि कुणीतरी रोज माझी लाज राखत होतं. या गोष्टीचा मी अर्थ लावत बसत नाही. त्या कोपऱ्याला दोन बाजूंनी भिंत आहे, तिथे वारा पोचत नसेल, एवढंच असेल. मला भिंती बांधायच्या कळतात, वारा कसा फिरतो तेही थोडं कळतं. पण त्या संध्याकाळी त्या निरांजनाची ज्योत सरळ उभी होती आणि मला रडताना बघून काकीही रडत होत्या, हेही तितकंच खरं. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "मगे, फोडूया भिंत. चार दिवस धूळ होतली, आणि काय? पोराक मी सांगतंय. म्हातारीच्या डोळ्यांपुढे तिचो देव येवक होयो."

त्या दिवशी घरी जाऊन मी मिस्टरांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं की ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. बराच वेळ आपल्या तळहातांकडे बघत बसले. मग विचारलं, "तो तुकडा तू बसवला होतास?" मी मान हलवली. "पक्का बसवला होतास. मला वाटलं कुण्या मिस्त्रीचं काम आहे." एवढं बोलून ते पत्र्याकडे तोंड करून आडवे झाले. सकाळी उठल्यावर म्हणाले, "माझ्या हातानं बुजवलंय, माझ्याच हातानं काढीन. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नको." आणि त्यांनी छन्नीला धार लावली. भिंत फोडायची ती आत्याबाईंच्या समोरच, असंही त्यांनीच ठरवलं.

आत्याबाई आल्या. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आजी, डोळा उघडा, किती बोटं दिसतात सांगा. म्हातारीनं डोळा किलकिला केला, "दोन," म्हणाली आणि पुन्हा घट्ट मिटला. डॉक्टर म्हणाले, अहो उघडा ठेवा. "ते तुमच्यापुरतं होतं. ते मोजायचं न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. वरून काळा चष्मा लावून दिला, तरी चष्म्याच्या आत डोळा मिटलेलाच. दवाखान्यापासून मुलुंडपर्यंत रिक्षात त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. मधेच म्हणाल्या, "लई लांब राहता गं तुम्ही." गेट, लिफ्ट, काकींचं दार. मिस्टरांच्या पिशवीत छन्नी-हातोडा होता आणि तो पावलागणिक वाजत होता. मी आत्याबाईंना त्या भिंतीपुढे उभं केलं आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून तिथेच सांगून टाकलं. पायांवर डोकं असलं की माणसाचं तोंड दिसत नाही, म्हणून सांगता आलं.

आत्याबाईंनी चष्मा काढला आणि डोळा उघडला. एक पाऊल पुढे जाऊन भिंतीवर हात ठेवला. मग भिंतीकडेच बघत विचारलं, "घर कुणाचं हे?"

"ह्या काकींचं," मी म्हणाले.

"बांधलं कुणी?"

"आम्हीच, माय," मिस्टर म्हणाले. "हा गिलावा माझ्या हातचा."

"पावसाचं पाणी येतंय का आत?" हे काकींना होतं.

"नाय."

"उंदीर-घुशी?"

"नाय गे."

"सांजच्याला दिवा?"

"रोज."

"अन् मान्सं कशी हायेत?" असं म्हणून आत्याबाईंनी त्या एका डोळ्यानं काकींना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मुलीचं स्थळ बघायला गेल्यावर थोरली माणसं सासरच्यांना निरखतात, तसं. काकी गंभीरपणे म्हणाल्या, "बरी असत."

मिस्टर तोवर गुडघ्यावर बसले होते आणि छन्नी भिंतीला लावली होती. आत्याबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मंग कामून फोडतूस रे लेका? जन्मभर माजी माय मातीच्या घरात राहिली, मंग पत्र्याखाली राहिली, पेटीत राहिली. आता कुठं तिला पक्कं घर गावलं. अन् तू तिला परत पत्र्याखाली नेतूस? आपल्याला न्हाई गावलं म्हणून तिलाबी नगं का?" मग त्या स्वतःच हसल्या, सगळे पडलेले दात दिसतील अशा. "आपल्यातल्या कुणीतरी ममईत फ्लॅट घेतला म्हन की!"

मिस्टरांनी छन्नी खाली ठेवली. लग्न झाल्यापासून या माणसाला मी कधी रडताना बघितलं नव्हतं. सुटलेल्या गिलाव्यासारखं त्यांचं तोंड झालं. काकी आत जाऊन हळदीकुंकू घेऊन आल्या. "रंग खराब होईल," मी म्हणाले. "होऊ दे," म्हणाल्या, आणि त्या पांढऱ्या भिंतीवर दोन बोटं ओढली. परत जाताना मी आत्याबाईंना विचारलं, तुम्हाला देव बघायचा होता, मनात राहिलं ना? त्या म्हणाल्या, "बघितला की. गुळगुळीत होता. माज्या लेकानं केलेला."

त्या गावी परत गेल्या. आता त्यांना चांगलं दिसतं, सुनेचे पांढरे केसही दिसतात. मी घमेलं उचलणं सोडलं, साइटवरच्या पाळणाघरात लेकरं सांभाळते. अजून आम्ही पत्र्याच्याच खोलीत आहोत. पुढचं काम दहिसरला आहे म्हणतात, तिथेही पत्राच असेल. माझी कितीतरी वर्षं अशी समजूत होती की देवाला मी सांभाळते, मी दिवा लावते, मी डबी जपते, माझ्या हातून सुटली की तो हरवला. तसं नव्हतं. माझ्या हातून सुटल्यावरही तो कुणाच्या तरी हातात होता. हात उघडा ठेवायला मला फार उशिरा जमलं, आणि अजूनही रोज जमतं असं नाही. काही मंगळवारी मनात येतं, म्हातारीनं एकदा छन्नी चालवू द्यायला हवी होती. येतं आणि जातं. काकींचं ऋण मी कसं फेडणार? फेडायचं नसतंच ते.

यंदा गणपतीला काकी मुलाबरोबर मालवणला गेल्या. जायच्या आधी त्यांनी मला बोलावून हातावर किल्ल्यांचा जुडगा ठेवला. "अकरा दिवस आमी नाय. दिवो चुकाक नको. तू येऊन लाव." मुलाला त्यांनी काय सांगितलं असेल ते त्याच जाणोत. पहिल्या दिवशी ती तीन कुलपं मी एकेक करून उघडली. आयुष्यात बांधलेल्या एवढ्या घरांपैकी एकाचंही कुलूप मी आजवर उघडलं नव्हतं. चपला बाहेर काढल्या. पाय धुतले. घरात कुणी नव्हतं. मी निरांजनात तेल घातलं, वात पुढे केली, दिवा लावला आणि पाटासमोर मांडी घालून बसले. मागायला खूप होतं. एक खोली, नंबर नसलेली. लेकीचं भलं व्हावं, यांचा गुडघा दुखायचा थांबावा. पण तिथे बसल्यावर त्यातलं काही आठवेना. लग्न झालेल्या लेकीला पहिल्यांदा सासरी भेटायला गेलेली आई, सासरची माणसं बाहेर गेल्यावर हळूच विचारते ना, तेवढंच तोंडातून निघालं, "करमतं ना गं तुला इथं?"

भिंत शांत होती. ज्योत सरळ होती. मग मीच म्हणाले, "मला नाही करमत गं तुझ्याशिवाय. पण तू राहा."